साडभाऊंचं बोलकं रक्त

आमच्या साडभाऊंनी, म्हणजे बायकोच्या थोरल्या बहिणीच्या नवऱ्यानं, जन्मात एकही गोष्ट 'काऊन?' विचारल्याशिवाय मान्य केलेली नाही. संग्रामपूरजवळ त्यांची शेती आहे, पण खरा धंदा चौकशीचा. माझ्या लग्नाच्या बोलणीत थोरले जावई म्हणून त्यांना मानानं पुढे बसवलं, तर पहिला प्रश्न मलाच, "तुमचा एक कान मोठा काऊन हो?" वास्तुशांतीला भटजींना "नारळच काऊन, टरबूज काऊन नाही?" विचारत त्यांनी स्वतःच्याच घराचा मुहूर्त चुकवला.

मागे कंबर दुखते म्हणून सोनोग्राफी केली आणि उजव्या किडनीत गाठ निघाली. पुढच्या तपासणीत कॅन्सरचीच दिसते, असं डॉक्टर म्हणाले. मेहुणीबाई रडू लागल्या. साडभाऊ म्हणाले, "कापूस वेचून होऊ द्या, मग पाहू ऑपरेशनचं."

अकोल्याच्या सर्जननी मात्र रक्ताचा साधा रिपोर्ट पाहिला आणि ते गंभीर झाले. "पांढऱ्या पेशींची एक जात वाढलीय, दुसरी घटलीय, हिमोग्लोबिनही कमी आहे. अशा रक्तावरून कधीकधी गाठीच्या स्वभावाचा अंदाज येतो. ही जरा तापट वाटते. थांबू नका."

साडभाऊंनी खुर्ची पुढे ओढली. "गाठ किडनीत, सुई दंडात. मंग रक्ताले कसं मालूम पडलं?"

"शरीर गाठीशी झगडतं, त्याच्या खुणा रक्तात उमटतात."

"म्हनजे भांडन घरात अन् बोभाटा गावभर!"

रडता रडता मेहुणीबाईंना हसू फुटलं. डॉक्टरही हसले.

"अन् अंदाज चुकला तं?"

"चुकला तर आनंदच. खरं काय ते गाठ काढून तपासल्यावरच कळेल. पण वाट पाहण्यात धोका आहे."

साडभाऊंनी खुर्ची मागे सरकवली. मग बायकोकडे वळून हळूच म्हणाले, "कापूस वेचून घेशीन न तू?"

"घेतो. तुमी पह्यले बरे व्हा."

किडनी काढावी लागली. गाठ जहाल निघाली, पण अजून बाहेर पसरली नव्हती. अंदाज खरा ठरल्याचं कळताच साडभाऊ खाटेवरून, मुलगा बोर्डात आल्यासारखे म्हणाले, "पाहा साडभाऊ, माह्यं रक्त खोटं नाही बोलत!"

आता तपासणीला मी सोबत जातो. परवाचा रिपोर्ट चांगला आला. परतताना ते एसटीच्या खिडकीशी बसले. आता काहीतरी विचारतील म्हणून मी तयारीत होतो, तर ते माझ्या खांद्यावर डोकं टेकून झोपी गेले. अंगानं फार हलके झालेत. सातपुडा दिसू लागला, मग संग्रामपूरचा स्टँड आला, माणसं उतरू लागली. कंडक्टर हाक मारणार, तेवढ्यात मी त्याला हातानंच थांबवलं.