खिरापत म्हणून उघडलेली बाहुली

काल सौसरचं ऑफिस आटोपून पांढुर्ण्याला घरी पोहोचले, तर दारात सात-आठ जोड चपला. आत गल्लीतल्या पोरी, मध्ये सासूबाई, आणि त्यांच्या हातात माझी बाहुली... बॉक्समधून बाहेर काढलेली!

डोकंच फिरलं माझं.

सांगते. मी त्रेचाळीस वर्षांची आहे आणि मला फॅशन डॉल्स जमवायचा नाद आहे. कपाटात साड्यांच्या मागे अकरा आहेत. "या वयात बाहुल्या?" हे ऐकून घ्यायची तयारी नाही, म्हणून पार्सल आलं की मी घरात ठोकून देते... ड्रायफ्रूट आहे.

ही नवी सिरीज रंगांची. केसांपासून सँडलपर्यंत एकच रंग, आणि तो कोणता, हे बॉक्स उघडेपर्यंत कळत नाही. दोन महिने वाट पाहिली होती मी. तो बॉक्स मला दार लावून, सावकाश, माझ्या हाताने उघडायचा होता हो...

पण सध्या घरोघरी भुलाबाई मांडलेली. पोरी गाणी म्हणतात, मग झाकलेला डबा हलवून आत काय खिरापत आहे ते ओळखतात. आमच्याकडे काल काही केलेलं नव्हतं. नेमकं तेव्हाच पार्सल आलं आणि सासूबाईंनी तेच पुढे केलं. पोरींनी हलवलं, आत खडखडलं. बदाम, खारका, खडीसाखर... सगळं म्हणून झालं, शेवटी हरल्या आणि बॉक्स फाडला.

"तूच तं म्हनत होती न, ड्रायफ्रूट असते म्हनून!" सासूबाई उलट माझ्यावरच चढल्या.

माझीच थाप माझ्यावर उलटली होती. सगळा राग मग बाहुलीवर निघाला.

जांभळी निघाली. केस सुंदर, मान्य. पण चमकी हाताला लागते आणि डावा डोळा चक्क वर छापलाय. पोरी तिला भुलाबाईसमोर बसवायला बघत होत्या, तर गुडघेच वाकेनात. "काकू, हिले बसताच येत नाई," एक जण म्हणाली. एवढी महागडी बाई आणि बसता येत नाही! पोरींना पाच मिनिटांत कळलं ते मी पाहिलेल्या कौतुकाच्या एकाही व्हिडिओत कोणी सांगितलं नव्हतं. संतापच आला मला.

तेवढ्यात सासूबाईंनी बाहुली शेजारच्या सहा वर्षांच्या पोरीच्या हातात ठेवली. "कोन्या लेकराचं पार्सल चुकून आलं असन. घे, खेळ तू."

पोर काही लगेच खेळायला लागली नाही. माझ्याकडे बघून म्हणाली, "काकू, कोनाची हाये ही?"

खरं सांगते, खोटं तोंडावर आलं होतं. भाचीची आहे म्हणावं... पण समोर भिंतीवर नवऱ्याची जुनी नाणी काचेच्या फ्रेममध्ये दिसत होती. त्यांची ती आवड, येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवायची. आणि माझी मात्र साड्यांच्या मागे! माझाच मला इतका राग आला...

"माझी आहे," मी म्हणाले. "मीच मागवली. अजून अकरा आहेत."

पोरीने बाहुली दोन्ही हातांनी माझ्याकडे दिली.

"मंग बाकीच्या कुठी हायेत?"

अकराच्या अकरा खाली काढल्या मी. त्या पोरीचे मनापासून आभार... लग्न होऊन या घरात आले तेव्हापासून, 'कशाला' न विचारता 'कुठे' विचारणारी ती पहिलीच.