सरांची सॅक

आमच्या गटाचा एक नियम होता. डोंगराच्या पायथ्याशी गाडी थांबली की जुनी चादर अंथरायची आणि प्रत्येकानं आपली सॅक तिच्यावर रिकामी करायची. पाणी पुरेसं आहे का, भाकरी घेतली का, हे बघायचं. दारूची बाटली नाही ना, हेही बघायचं. तपासायचं काम माझ्याकडं होतं. नियम सरांनी घातलेला.

सर म्हणजे येरमाळ्याजवळच्या वाशीच्या आमच्या हायस्कुलातले भूगोलाचे शिक्षक. दहावीनंतर वडील मला येरमाळ्याच्या एका हॉटेलात कामाला लावणार होते. हे कळल्यावर सर आमच्या गावी आले, ओसरीवर बसले आणि चहा झाला तरी उठेनात. शेवटी वडील म्हणाले, "न्या मग. तुमचाच पोरगा समजा." पुढची दोन वर्षं मी सरांच्या घरी राहून शिकलो. काकू, म्हणजे सरांच्या मंडळी, मला त्यांच्याच ताटाशेजारी वाढायच्या. आमच्या घरातला पहिला पदवीधर मी. जिल्हा परिषदेच्या शाळेत लागलो त्या दिवसापासून सर मला 'गुरुजी' म्हणू लागले. चेष्टेत म्हणायचे, पण आजूबाजूच्यांना ऐकू जाईल अशा बेतानं.

महिन्यातून एक रविवार आम्ही सात-आठजण बालाघाटाच्या डोंगरात फिरायचो. वर्षातून एकदा सह्याद्रीत जायचो. सुरुवातीच्या एका सहलीत दोन पोरांनी वर पोचल्यावर बाटली काढली. थंडीला बरी असते, म्हणाली. त्यातल्या एकाला उतरताना दोघांनी धरून आणावं लागलं. सर तेव्हा ओरडले नाहीत. खाली आल्यावर एवढंच म्हणाले, "उतरताना पाय आपले पाहिजेत. बाटलीचे न्हाय." पुढच्या महिन्यापासून चादर आली.

चादरीची आम्हाला मजाच वाटायची. गटात एक ट्रॅक्टरच्या सुट्या भागांचे दुकानदार होते. त्यांच्या सॅकमधून धपाटे, शेंगदाण्याची चटणी, लोणचं, दोन कांदे आणि एक विळी निघाली होती.

"शेठ, डोंगर चढायलाय का पंगत बसवायलाय?" सर म्हणाले.

"सर, विळी मंडळींनी घातलीय. मला ठाऊक पण न्हाय."

"गुरुजी, नीट बघ. खाली पाटा-वरवंटा असंल."

सर आपली सॅक सगळ्यांच्या आधी रिकामी करायचे. निवृत्त झाले त्या वर्षापर्यंत हे असंच चाललं.

निवृत्तीनंतर सर थोडे गप्प झाले. शाळेची घंटा त्यांच्या घरात ऐकू यायची. ती झाली की ते घड्याळ बघतात, असं काकू म्हणाल्या होत्या. गुडघेही दुखू लागले होते. त्या हिवाळ्यात पायथ्याशी चादर अंथरली तेव्हा सर कडेला उभे राहिले. सगळ्यांचं झाल्यावर मी त्यांच्याकडं बघितलं.

"माझी राहू दे गुरुजी. गुडघ्याचा काढा नीट बांधून ठेवलाय, सांडंल."

मी चादर घडी केली.

वर गेल्यावर सर थोडे बाजूला जाऊन तपकिरी बाटलीतून दोन घोट घेत आणि वेलदोडा चघळत. काढ्याला तसा वास नसतो. आमच्या गल्लीत दारू पिणारी माणसं मी लहानपणापासून बघत आलोय, त्यामुळं मला पहिल्याच दिवशी कळलं. बाकीच्यांना कळलं की नाही, मी विचारलं नाही. पुढच्या खेपेला मीच म्हणालो, "सरांचं राहू द्या, काढा आहे." त्यांना सांगायची वेळसुद्धा मी येऊ दिली नाही. याला मी आदर समजत होतो.

परत आल्यावर मी सरांना घरी सोडायचो. ते पाय धुवायला गेले की काकू दारातच हळूच विचारायच्या, "घेतली न्हाय ना त्यांनी?"

"न्हाय काकू. आमच्यात तसलं चालत न्हाय."

"बरं. चहा टाकते."

असं दोन वर्षं चाललं. दर महिन्याला तोच प्रश्न आणि माझं तेच उत्तर.

मग मार्गशीर्षातला तो रविवार आला. येरमाळ्याच्या पुढच्या डोंगरात गेलो होतो. वर जेवणं झाली आणि दुपारी उतरायला लागलो. वाट अवघड नव्हती, पण शेवटच्या टप्प्यात मुरमाचा उतार होता. सर माझ्या पुढं पाच-सहा पावलांवर होते. त्यांचा डावा पाय मुरमावरून घसरला. सावरायला काठी टेकवतील असं मला वाटलं, पण काठीवाला हात उशिरा खाली आला. ते कुशीवर पडले आणि तसेच खालच्या दगडापर्यंत गेले.

दुकानदार आणि बाकीचे पुढं होते. आवाज ऐकून ते वर यायला लागले. मी सरांजवळ पोचलो. त्यांना पाय हलवता येत नव्हता. ते माझ्याकडं बघत होते आणि नजर सॅककडं जात होती. मी सॅक उघडली. बाटली अर्धी रिकामी होती. ती काढून मी माझ्या सॅकच्या तळाला घातली आणि वर टॉवेल दाबला. सरांनी डोळे मिटले. दोन वर्षांत त्यांची सॅक मी पहिल्यांदा उघडली, ती अशी.

चादरीची झोळी करून त्यांना रस्त्यापर्यंत आणलं आणि तिथून सोलापूरला नेलं. खुब्याचं हाड मोडलं होतं. ऑपरेशनआधी डॉक्टर माहिती लिहून घेत होते. साखर, रक्तदाब, आधीची औषधं, असं सगळं. काकू माझ्या शेजारी उभ्या होत्या.

"दारू घेतात का? कधीतरी, रोज, किती?"

"नाही," मी म्हणालो. "सर आमचे शिक्षक आहेत."

डॉक्टरांनी लिहून घेतलं.

ऑपरेशन नीट झालं. दुसऱ्या दिवशी सर बोलत होते, लापशी खाल्ली. तिसऱ्या दिवशी दुपारपासून त्यांचे हात थरथरू लागले. घामानं उशी भिजली. भिंतीवर मुंग्या चढतायत, म्हणाले. मग ते उठून बसायला लागले, सलाईनची नळी ओढायला लागले. दोन नर्सनी त्यांना धरलं. आणि एकदम शाळेतल्या आवाजात ते हजेरी घेऊ लागले. पंधरा. सोळा. सतरा.

"सतरा नंबर. आलाय का न्हाय?"

दहावीला सतरा नंबर माझा होता. दुसऱ्या कुणाचाही असेल, पण माझाही होता.

मी बाहेर जाऊन डॉक्टरांना बाटलीचं सांगितलं.

"हे मी पहिल्या दिवशी विचारलं होतं तुम्हाला. रोज घेणाऱ्याची अचानक बंद झाली की असं होतं. माहीत असतं तर पहिल्या दिवसापासून त्याचं औषध दिलं असतं."

"रोज नाही," मी म्हणालो. "फक्त डोंगरावर."

"रोज," मागून काकू म्हणाल्या. "दोन वर्षं झाली."

मी वळून बघितलं. काकूंनी पदराचं टोक मुठीत धरलं होतं.

"काकू, मग तुम्ही परवा का…"

"तू न्हाय म्हणालास ना रे. मी तुझ्या तोंडाकडं बघत होते. तू व्हय म्हणाला असतास तर मी पण म्हणाले असते." मग म्हणाल्या, "दर महिन्याला दारात मी काय माहीत न्हाय म्हणून विचारत होते व्हय?"

सर त्यातून वाचले, पण भ्रमाच्या दोन दिवसांत शरीर फार खचलं. नळ्या, मग छातीत कफ, मग परत अतिदक्षता विभाग. घरी आले ते कॉटवरच. वॉकर कोपऱ्यात उभा असायचा. मी रोज शाळा सुटली की जायचो. उतरत्या उन्हात ते खिडकीकडं तोंड करून पडलेले असायचे. बोलायचे पेपरातलं, पावसापाण्याचं. त्या दिवसाचा विषय त्यांनी काढला नाही आणि मीही नाही.

फक्त एकदा, मी त्यांच्या पायाला तेल लावत होतो तेव्हा, खिडकीकडंच बघत ते म्हणाले, "गुरुजी, माझी सॅक तपासायला पाहिजे होती तुम्ही."

चेष्टेत ते मला गुरुजी म्हणत, पण कायम अरे-तुरेनं. तुम्ही म्हणाले ते तेवढ्याच वेळी.

मी तेल लावत राहिलो. आषाढात सर गेले.

गट वर्षभर बंद होता. मग दुकानदारांनी पुन्हा सुरू करायला लावला. आता माझी सॅक पहिली रिकामी होते. गेल्या हिवाळ्यात एक निवृत्त तलाठी आमच्यात आले. पायथ्याशी मी चादर अंथरली. ते सॅक खांद्यावर ठेवूनच म्हणाले, "माझ्यात औषधं आहेत, राहू द्या."

माझा हात थांबला. वयानं ते सरांएवढेच होते.

"काका, तरी काढावी लागंल," मी म्हणालो.

त्यांनी सॅक उलटी केली. गोळ्यांची पाकिटं, मलमाची ट्यूब, डिंकाचे लाडू. दुसरं काही नव्हतं. त्यांचा चेहरा उतरला होता. एकेक वस्तू उचलून परत भरताना ते म्हणाले, "पन्नास वर्षांत कुणी माझी पिशवी तपासली न्हाय, गुरुजी."

मी माफी मागितली, लाडू भरायला मदत केली. ते त्या दिवशी आमच्याबरोबर चढले, उतरले, नीट घरी गेले. त्यानंतर काही आले नाहीत. दोनदा फोन केला, त्यांनी कामाचं निमित्त सांगितलं.

वाईट वाटतं. पण ते घरी आहेत, पायांवर आहेत. सरांची बाटली अजून माझ्या कपाटात आहे. काकूंना ते माहीत आहे. त्यांच्याकडं गेलो की त्या अजूनही दारातच विचारतात, "सगळ्यांच्या बघितल्यास ना?" मी हो म्हणतो. आता ते खरं असतं.