सर्व्हिस कुणाची?

अल्जीरियाच्या किनाऱ्यावरच्या आमच्या बिजायात व्हॉलीबॉलचा सामना असला आणि गुण लिहायला तासादित बसली असली, की पंच निर्धास्त असतात. सत्तावीस वर्षं ती त्या टेबलाशी बसते आहे. पेन स्वतःचं, चष्मा दोरीने गळ्यात, आणि कुणी टेबलावर कॉफीचा पेला ठेवलाच तर ती तो उचलून खाली जमिनीवर ठेवते, मग तो क्रीडा खात्याच्या साहेबाचा का असेना. दोन्ही संघांच्या सहा-सहा मुली कोणत्या क्रमाने सर्व्हिस करणार, हे तिच्या कागदावर असतं आणि डोक्यातही असतं. ऐन खेळात एखाद्या कर्णधार मुलीचा गोंधळ उडतो. ती टेबलाकडे बघते आणि विचारते, "खाल्ती, सर्व्हिस कुणाची?" खाल्ती म्हणजे मावशी, गावभर तिला हेच म्हणतात. खरं तर हे दुसऱ्या पंचाला विचारायचं आणि त्यानेच सांगायचं. पण तासादित कागदाकडे न बघता नंबर सांगून मोकळी होते, आणि पंच तिकडे काणाडोळा करतात.

नव्या कर्णधारांना ती एकच उपदेश करते. शंका आली तर विचारायचं, लाज वाटली तरी विचारायचं. पोरी मान डोलावतात आणि पाठ वळली की तिची नक्कल करतात. म्हातारी कधीकाळी राष्ट्रीय संघाची कर्णधार होती, एवढं त्यांना माहीत आहे. हॉलच्या जिन्यात तिचा फोटो लावलेला आहे. पांढरे बूट, आखूड केस आणि नाकावर राग, तो आजही तसाच आहे.

तासादित बासष्ट वर्षांची आहे, आणि एकटी. ठरलेलं लग्न मोडलं, कारण मुलाकडच्यांना सून हवी होती आणि तासादितला संघ. आई होती तोवर घरात बोलणं तरी होतं. भाऊ फ्रान्समध्ये, मार्सेयला, ईदला फोन करतो आणि हवापाणी विचारतो. शुक्रवारी ती रिवाजाप्रमाणे कुसकुस करते, वाफवलेला रवा आणि वर भाजीचा रस्सा. एका माणसाचा कुसकुस कधी कुणाला जमला आहे? दर शुक्रवारी तो उरतो, दर शुक्रवारी ती खालच्या मजल्यावर वाडगा नेऊन देते, आणि शेजारीण दारातूनच तो घेते. बंदराच्या बाजूची खिडकी उघडली की जहाजांचे भोंगे ऐकू येतात. ती म्हणते, तेवढी सोबत पुरे. ते खरं नाही.

आता अडतीस वर्षांपूर्वीची गोष्ट सांगितली पाहिजे, कारण ती आमच्या गावात सगळ्यांना ठाऊक आहे आणि चुकीची ठाऊक आहे.

तेव्हाच्या राष्ट्रीय संघातल्या निम्म्या मुली बिजायाच्या होत्या. आया शेजारणींना सांगायच्या की मुलगी शिवणकामाला जाते, आणि मुली भाकरीच्या टोपलीत बूट लपवून हॉलवर यायच्या. आफ्रिकेच्या स्पर्धेत हा संघ उपांत्य सामन्यापर्यंत गेला. समोर यजमान, हॉल त्यांच्याच लोकांनी भरलेला. पाचवा सेट, पंधरा गुणांचा, बारा-बारा. त्या काळी सर्व्हिस आपली असेल तरच गुण मिळायचा. आमच्या मुलींनी सर्व्हिस परत मिळवली, आणि तेवढ्यात प्रशिक्षक शेख मोकरान यांनी खेळ थांबवून मुलींना बाजूला बोलावलं.

सर्व्हिस परत मिळाली की सहाही जणींनी एकेक जागा पुढे सरकायचं असतं. मैदान सोडण्याआधी मुली सरकल्या होत्या. परत आल्यावर मात्र कुणालाच नीट आठवेना, सरकलो की नाही. तासादित आणखी एक जागा सरकली. कर्णधार सरकली म्हणून बाकीच्याही सरकल्या. कोपऱ्यातल्या सर्व्हिसच्या जागेवर घानिया आली. तिने चेंडू हातात घेतला आणि मान वळवून विचारलं, "तुझी ना गं सर्व्हिस?"

कर्णधाराला पंचाला विचारून खात्री करता येते. दोन सेकंदांचं काम. तासादितने विचारलं नाही. "तुझी. टाक," म्हणाली.

घानियाने टाकली. एक गुण, दुसरा गुण, चौदा-बारा. एक गुण मिळाला की अंतिम सामना. आणि टेबलावरची घंटा वाजली, क्रम चुकला की वाजवतात ती. मुली दोनदा सरकल्या होत्या; सर्व्हिस तासादितची होती. दोन्ही गुण पुसले गेले, सर्व्हिस समोर गेली, आणि पुढचे तीन गुण यजमानांनी घेतले.

खापर कुणावर फुटणार? चेंडू जिच्या हातात होता तिच्यावर. वर्तमानपत्रात फोटो आला तो घानियाचा, चेंडू धरलेला. कपडे बदलायच्या खोलीत शेख मोकरान तिच्यावर ओरडले, आणि ती खाली वाकून बुटाची नाडी सोडत होती, परत बांधत होती, परत सोडत होती. मध्येच एकदा तिने मान वर करून तासादितकडे पाहिलं. तासादित टॉवेलात तोंड खुपसून बसली होती. उद्या सांगू, असं तिने मनाशी म्हटलं. विमानातही म्हटलं.

पुढच्या स्पर्धेला घानियाला बोलावलं नाही. त्याच्या पुढच्याही नाही. ती लग्न करून सेतिफला गेली. आणि आमच्या गावाने, ज्याला थट्टेपुढे काही सुचत नाही, एक बोल काढला. बेकरीच्या रांगेत कुणी मध्ये घुसलं, बसमध्ये कुणी दुसऱ्याच्या जागेवर बसलं, की लोक म्हणतात, "काय रे, घानियाची सर्व्हिस का?" घानिया कोण हे आज निम्म्यांना ठाऊकही नाही. तासादित रोज सकाळी पाव आणायला जाते आणि आठवड्यातून दोनदा तरी हे ऐकते. प्रत्येक वेळी ती हातातले सुटे पैसे पुन्हा मोजते.

मग देशात यादवीची वाईट वर्षं आली. हॉलला कुलूप लागलं, लोक अंधार पडायच्या आत घरी जाऊ लागले, मुलींचे सामने झाले तरी बघायला कुणी नसायचं. त्यातच तिने गुण लिहायची परीक्षा दिली. लोकांना वाटलं, खेळाचं वेड सुटत नाही हिचं. वेड कसलं? त्या घंटेपाशी आपण बसावं आणि दुसऱ्या कुणाला ती ऐकू देऊ नये, एवढंच तिला हवं होतं. पुढे दिवस पालटले. नव्या पोरींनी आफ्रिकेचा चषक आणला, ऑलिंपिकला जाऊन आल्या. गावभर गाड्यांचे हॉर्न वाजले. तासादितने ते सगळं टीव्हीवर पाहिलं, मांडीवर ताट घेऊन, आणि प्रत्येक सर्व्हिसला क्रम मोजत.

एकच प्रश्न तिला आजवर सुटलेला नाही. त्या दिवशी आपण खरंच विसरलो होतो, की बारा-बारावर ती सर्व्हिस करायची आपल्याला भीती वाटली? कितीदा तरी तिने मनात ते मैदान मांडलं, सहा जणींना उभं केलं. उत्तर कधी एक येतं, कधी दुसरं. विचारणार कुणाला?

यंदाच्या वसंतात क्लबचे चिटणीस आरेज़्की, आदराने सी आरेज़्की, तिच्याकडे आले. राष्ट्रीय संघाच्या पोरी स्पर्धेआधी आपल्याच हॉलमध्ये मैत्रीचा सामना खेळणार, आणि त्याआधी जुन्या संघाचा सत्कार. चौघी यायला तयार आहेत. घानियासुद्धा.

"ती हो म्हणाली?" तासादितने विचारलं.

"आधी नाही म्हणाली. मग विचारलं, कर्णधार बोलणार आहे का? म्हटलं, बोलणार की. तर म्हणाली, मग येते."

त्यांना कॉफी द्यायची राहिली, हे ते गेल्यावर तासादितच्या लक्षात आलं. तिचं ठरलं होतं. सगळ्यांसमोर सांगायचं, माइकवर, गावाला ऐकू जाईल असं. पंधरा दिवस ती भांडी घासताना ती चार वाक्यं म्हणत होती. शुक्रवारी कुसकुस शिजवला आणि सगळाच्या सगळा खाली शेजारणीला नेऊन दिला.

शनिवारी दुपारी चौघी एकाच गाडीतून उतरल्या, नातवंडांचे फोटो एकमेकींना दाखवत, गुडघ्यांच्या तक्रारी सांगत. घानिया शेवटी उतरली. अंगाने भरलेली, मेंदी लावलेले केस, हातात काठी. तिने तासादितच्या गालांना गाल लावले, बरी आहेस ना विचारलं, आणि उत्तराची वाट न बघता इतरांजवळ जाऊन बसली. तिथे हसणं चाललं होतं. तासादितकडे दाखवायला कुणाचा फोटो नव्हता. तिने आपलं पेन काढून पुसलं.

सत्काराच्या वेळी हॉल गच्च भरला होता. नव्या संघाच्या पोरी हाताची घडी घालून रांगेत उभ्या होत्या. तासादितच्या हातात माइक आला तेव्हा तिने तो दोन्ही हातांनी धरला.

"तुम्ही ज्याला घानियाची सर्व्हिस म्हणता," ती म्हणाली, "ती माझी सर्व्हिस होती. तिने मला विचारलं होतं. मी चुकीचं सांगितलं आणि नंतर गप्प बसले. चूक माझी आहे. तिची नाही."

आयुष्यभर जड झालेलं काहीतरी खाली ठेवल्यासारखं तिला वाटलं. ते क्षणभरच टिकलं.

कारण सी आरेज़्की मोठ्या मनाचा माणूस. त्यांचे डोळे भरून आले होते. त्यांनी तिच्या हातातून माइक घेतला आणि पोरींकडे वळून म्हणाले, "बघा गं पोरींनो, बघून ठेवा. कर्णधार अशी असते. अडतीस वर्षांनीसुद्धा आपल्या खेळाडूची चूक स्वतःच्या अंगावर घेते."

अख्खा हॉल उठून उभा राहिला. बायकांनी आनंदाचे चीत्कार काढले, कुणीतरी ढोल बडवला, पोरी टाळ्या वाजवता वाजवता डोळे पुसू लागल्या. तासादित म्हणत होती, नाही, अहो, खरंच तसं झालं, मी खरं सांगते आहे. माइकशिवाय ते तिचं तिलाही ऐकू येत नव्हतं. जितकी ती मान हलवत होती, तितक्या टाळ्या वाढत होत्या. किती ही नम्र, असंच लोकांना वाटलं असणार.

घानिया टाळ्या वाजवत नव्हती. ती काठी टेकत जवळ आली. लोकांना वाटलं आता मिठी मारणार, म्हणून फोन वर झाले. तिने तासादितच्या खांद्यावर हात ठेवला आणि कानाशी तोंड नेलं.

"मी नवऱ्यालासुद्धा सांगितलं नव्हतं. म्हटलं, तू सांगशील." मग ती हॉलकडे पाहत म्हणाली, "सांगितलंस. आणि बघ, टाळ्या परत तुलाच."

आवाजात राग नव्हता. राग असता तर तासादितला बरं वाटलं असतं. सामना सुरू व्हायच्या आत घानिया निघाली. सेतिफची बस पाचची होती, आणि थांब म्हणायचा हक्क कुणाचा, तर तासादितचा, तो तिने कधीच घालवलेला होता. ती टेबलाशी जाऊन बसली. त्या दिवशी तिने एकही आकडा चुकवला नाही.

रविवारी सकाळी ती बेकरीत गेली. रांग दारापर्यंत आली होती. ती शेवटी उभी राहिली. पुढच्या बाईने वळून पाहिलं आणि बाजूला झाली. मग तिच्या पुढचा गडी बाजूला झाला. सगळी रांग भिंतीला टेकली.

"खाल्ती, तुम्ही कशाला रांगेत? या, पुढे या," बेकरीवाला म्हणाला.

तिने नको म्हटलं. माझा नंबर आला की घेईन, म्हणाली. कुणी ऐकेना. मागून एक माणूस आला होता, त्याला कालचं काही माहीत नव्हतं. म्हातारीला पुढे जाताना पाहून तो हसून बोलायला लागला, "काय, घानियाची..."

"गप रे," चार जण एकदम म्हणाले. "तासादित आहेत त्या."

बेकरीवाल्याने तिच्या हातात गरम पाव ठेवला, नंबर नसताना. ती तो घेऊन बाहेर पडली.