सोडलेले मासे

नदीवर तिला सगळे मास्तरीण म्हणत. शाळेत तिने कधी शिकवलं नव्हतं. लोकांचे कपडे शिवत मोठी झालेली बाई ती. पण कमरेइतक्या पाण्यात उभी राहून ती गिऱ्हाइकाला दरडावायची, "आधी हात ओले करा. कोरड्या हाताने माशाला शिवायचं नाही," तेव्हा चांगले साठी उलटलेले गृहस्थसुद्धा गृहपाठ विसरलेल्या पोरासारखे हात मागे घ्यायचे.

तिचा धंदा म्हणजे शहरातून येणाऱ्या हौशी लोकांना गळाने मासे धरायला शिकवायचं आणि त्यासाठी लागणाऱ्या माश्या बांधायच्या. माशी म्हणजे खरीखुरी नव्हे. गळाच्या आकड्यावर रेशमी दोरा, पिसाचा तुकडा, चिमूटभर केस गुंडाळून केलेला खोटा किडा. तो पाण्यावर हलकेच टेकवला की खालचा मासा फसतो आणि वर येतो. हे काम तिच्या शिवणाऱ्या बोटांना छान जमलं. धाकट्या भावाच्या घरात तळमजल्यावरची खोली तिची होती. खिडकीशी टेबल मांडून ती चिमट्यात आकडा धरून बसली की भावजय जाता जाता म्हणायची, "ताईंच्या नाकावर माशी बसत नाही ती उगाच नाही. सगळ्या बिचाऱ्या या टेबलावर रांग लावून बसल्यात."

वडिलांच्या वेळी गोष्ट सरळ होती. ते मासा धरायचे तो खायला. पुढे वरच्या अंगाला रंगाचा कारखाना आला, नदी कधी निळी तर कधी तांबडी वाहू लागली आणि मासे दिसेनासे झाले. नदी परत जिवंत झाली ती गळवाल्यांच्या क्लबमुळे. क्लबचे अध्यक्ष दातांचे डॉक्टर होते. ते कोर्टात गेले, कारखान्याला सांडपाणी साफ करायला लावलं, काठावर झाडं लावली, नवे मासे सोडले. मग नियम केला, की या नदीत मासा धरायचा तो सोडण्यासाठीच. मारायचा नाही, घरी न्यायचा नाही. मास्तरणीला आधी हे चमत्कारिक वाटलं होतं. धरायचं आणि सोडायचं, तर धरायचं कशाला? पण हातातून सुटलेला मासा शेपटी मारून हिरव्या पाण्यात नाहीसा होतो, तेव्हा काहीतरी फिटल्यासारखं वाटतं, हे तिने अनुभवलं आणि ती त्या नियमाची पक्की झाली. इतकी पक्की, की क्लबने तिला नदीवर लक्ष ठेवायला नेमलं तेव्हा कोणालाच नवल वाटलं नाही.

नदीत थंड पाण्यात राहणाऱ्या ट्राउट जातीचा एक मोठा मासा होता. खालचा जबडा एका बाजूला सरकलेला, म्हणून त्याचं नाव वाकड्या. तो कुठल्या खडकामागे असतो हे तिला ठाऊक होतं आणि खास गिऱ्हाइकांना ती तिथेच घेऊन जायची. वाकड्याला हातात धरून हसणारी माणसं कितीतरी कचेऱ्यांच्या भिंतींवर लटकली होती. दर वेळी फोटो, दर वेळी सुटका. "हा आमचा सगळ्यात अनुभवी कर्मचारी," असं ती म्हणायची आणि गिऱ्हाईक खूश व्हायचं.

त्या उन्हाळ्यात नदी फार खाली गेली. खडकांची डोकी वर आली, पाणी दुपारी हाताला कोमट लागायचं. गिऱ्हाइकं मात्र जास्तच होती, कारण सुट्ट्या होत्या. तशातच पुलाखाली तिला एक गवंडी सापडला. जवळच्या इमारतीच्या कामावरचा माणूस, पँटवर सिमेंटचे डाग तसेच. बादलीत दोन मासे.

"इथे मासे न्यायची बंदी आहे, माहीत नाही का?" तिने विचारलं.

"माहीत आहे, बाई. घरी खाणार आहोत. विकायला नाही नेत."

"विकायला असो नाहीतर खायला. नियम सगळ्यांना सारखा."

गवंडी बादलीकडे बघत म्हणाला, "ते समोरचे साहेब सकाळपासून धरतायत. त्यांना कोणी काही बोलत नाही."

"ते सोडतात."

 तिने तक्रार केली, त्याला दंड झाला आणि त्याची गळाची काठी क्लबच्या कपाटात जाऊन पडली. तिला त्यात काही चुकीचं वाटलं नाही. उलट घरी आल्यावर ती जेवताना फुशारकीने सांगत होती. भाऊ मान खाली घालून जेवत राहिला.

भाऊ पाणीपुरवठ्याच्या पंपघरात होता. नदी गावाच्या खालच्या अंगाला जिथे वळते तिथे लोखंडी जाळी लावून पाणी आत घेतलं जाई, आणि जाळीवर अडकलेला कचरा दाताळ्याने ओढून काढणं हे त्याचं सकाळचं पहिलं काम. एकदा तो चष्मा घरीच विसरून गेला. मीटरचे आकडे त्याला चष्म्याशिवाय दिसत नसत. नदीवर निघालीच होती, म्हणून मास्तरीण चष्मा घेऊन वाट वाकडी करून पंपघराकडे गेली. मागचं फाटक उघडं होतं. ती सरळ आत गेली.

भाऊ जाळीपाशी पाठमोरा उभा होता. दाताळं ओढलं की सरसर पाणी निथळायचं आणि तो ओला ढीग शेजारच्या टबात टाकायचा. पानं, प्लास्टिक, काटक्या. आणि मासे. ती टबाजवळ गेली तेव्हा भाऊ दचकला. मग त्याने दाताळं भिंतीला टेकवलं.

तिने एक मासा उचलून नळाखाली धुतला. ओठाच्या कोपऱ्यात गळाचं बारीक भोक होतं. अंगावर पांढरी बुरशी धरली होती, पण सगळीकडे नाही. एका बाजूला चार पट्टे आणि दुसऱ्या बाजूला एक. तिने नकळत आपला हात त्यावर ठेवून पाहिला. चार बोटं आणि अंगठा. माशाच्या अंगावरचा बुळबुळीत थर जिथे कोणीतरी दाबून पुसला होता, नेमकी तिथेच बुरशी उगवली होती.

"रोज असतात?" तिने विचारलं.

"थंडीत एखादा कधीतरी. या दिवसांत रोज. रविवारनंतर जास्त."

"मला कधी बोलला नाहीस."

"काय बोलणार, ताई? तुझेच आहेत म्हणून?" भावाने चष्मा घेतला आणि शर्टाच्या टोकाने उगाचच पुसत राहिला. "पहिल्यांदा वाटलं, तुला माहीत असेल आणि तू कानाडोळा करत असशील. मग तुझं बोलणं ऐकून वाटलं, माहीत नसेल तर राहू दे. तुझं पोट आहे त्याच्यावर."

ती टबात हात घालून पानं बाजूला करत होती. तळाशी वाकड्या होता.

रविवारी तो एका जोडप्याच्या गळाला लागला होता. बराच वेळ झुंजला. नवऱ्याचा फोटो झाला, मग बायकोला हवा होता, मग फोटोत डोळे मिटले म्हणून पुन्हा एकदा. "घ्या, घ्या, दमदार गडी आहे तो," असं म्हणणारी मास्तरीण स्वतःच होती. सोडल्यावर तो क्षणभर कुशीवर कलला होता. तिने त्याला सरळ धरलं होतं, आणि तो गेला होता. गेला म्हणजे जगला, असंच ती इतकी वर्षं धरून चालली होती.

त्या दिवशी आलेल्या गिऱ्हाइकाला तिने पाण्यात उतरू दिलं नाही. पाणी गरम आहे, म्हणाली. "मी इतक्या लांबून पाण्याला ताप आलाय का बघायला आलो का?" असं तो म्हणाला आणि दुसऱ्या शिकवणाऱ्याकडे गेला.

संध्याकाळी ती डॉक्टरांच्या दवाखान्यात गेली. शेवटचा रोगी गाल धरून बाहेर पडला तेव्हा डॉक्टरांनी तिला त्याच खुर्चीत बसवलं. दुसरी खुर्ची नव्हती. त्यांनी सगळं नीट ऐकून घेतलं.

"मला हे अगदीच नवं नाही," ते म्हणाले. "गरम पाण्यात मासा झुंजला की त्याचा दम परत येत नाही. सुटल्यावर मरतो. पण थंड पाण्यात बहुतेक जगतात, हेही तितकंच खरं."

"माहीत होतं, तर उन्हाळ्यात नदी बंद का नाही केली?"

"उन्हाळ्यातच लोक येतात, बाई. कारखान्याविरुद्धचा आपला वकील त्यांच्या वर्गणीवर आहे. उद्या कारखान्याने रात्रीत सांडपाणी सोडलं तर एका दिवसात सगळे मासे जातील. मेलेले थोडे मासे आणि मेलेली नदी, यातलं काय निवडू, सांगा."

 डॉक्टर खोटं बोलत नव्हते. ती निळी नदी तिने डोळ्यांनी पाहिली होती.

"आणि तो गवंडी?" ती म्हणाली. "त्याने दोन मासे नेले तर चोर. मी एका रविवारी किती मारले असतील?"

"त्याला दोन नेऊ दिले तर उद्या लोक जाळं घेऊन येतील," डॉक्टर म्हणाले, पण तिच्याकडे न बघता.

क्लबची बैठक हार्डवेअरच्या दुकानावरच्या खोलीत भरली. मास्तरीण उभी राहिली. गिऱ्हाइकांवर डाफरणारा तिचा आवाज इथे बारीक झाला. जाळीवर काय पाहिलं ते तिने सांगितलं. म्हणाली, पाणी गरम असेल तेव्हा कोणीच गळ टाकू नये. आणि थंडीत ज्याला खायचा आहे त्याने एखाददुसरा घरी न्यावा आणि थांबावं. आपण सोडतो म्हणून दिवसभर धरत बसतो, ते तरी कमी व्हावं.

पहिल्या मागणीवर लोक कुजबुजले. दुसरीवर खोली तापली. एकजण म्हणाला, "जाळीवरचे मासे आपल्याच हातचे कशावरून? उन्हाने मेले असतील." ती बुरशीतल्या बोटांबद्दल सांगू लागली तर मागून कोणीतरी म्हणालं, "आता माशांच्या अंगावर ठसे घ्यायचे का?" लोक हसले. एक बाई मात्र गंभीरपणे म्हणाली, "मारायची परवानगी दिलीत तर मी क्लब सोडेन. मी जीव घ्यायला येत नाही." ती मनापासून बोलत होती, हे मास्तरणीला दिसत होतं, आणि त्यामुळेच जास्त त्रास झाला.

शेवटी ठरलं ते अर्धवट. उन्हाळ्यात दुपारनंतर गळ टाकायचा नाही. मासा घरी नेण्याची बंदी कायम. आणि नदीवर लक्ष ठेवण्याच्या कामातून तिने स्वतःच अंग काढून घेतलं.

एवढ्यावर निभावलं असतं. पण क्लबच्या कोणा सभासदाने पाणीपुरवठ्याच्या साहेबांना फोन करून विचारलं, की तुमच्या जाळीपर्यंत बाहेरची माणसं कशी जातात. साहेबांनी भावाला बोलावून घेतलं आणि त्याची बदली दूरच्या टाकीवर केली. जायला दोन बस, आणि पाळी रात्रीची.

भाऊ त्या दिवशी घरी आला तो तिच्या खोलीच्या दारात उभा राहिला. आत आला नाही.

"तुझं मन मोकळं झालं," तो म्हणाला. "माझी सकाळ गेली."

"मी तुझं नाव घेतलं नव्हतं रे."

"जाळीवर दुसरं कोण असतं, ताई?"

त्यानंतर बरेच दिवस तो तिच्याशी कामापुरतंच बोलला. भावजय दोघांच्या मधे निरोप्याचं काम करायची. माश्यांवरून चेष्टा करणं तिने सोडून दिलं, आणि घर त्यामुळेच फार शांत वाटायला लागलं.

मास्तरणीने क्लबच्या कपाटातून गवंड्याची काठी मागून घेतली. डॉक्टरांनी काही न विचारता किल्ली दिली. गवंडी इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर भिंत चढवत होता. तिला बघून त्याने थापी खाली ठेवली नाही.

"तुमची काठी," ती म्हणाली.

"आता मासे नेले तर चालतील?"

"नाही. नियम तोच आहे."

"मग तुम्ही परत पकडून देणार?"

"मी नाही. ते काम मी सोडलं."

"म्हणजे दुसरं कोणीतरी." त्याने विटेवर माल पसरला, वीट बसवली, थापीच्या मुठीने ठोकली. "मग मी हिचं काय करू, बाई?"

 माफ करा म्हणावं असं मनात आलं होतं, पण ते तिथे त्या वाळूत आणि धुळीत फार सोपं आणि स्वस्त वाटलं असतं. तिने काठी भिंतीला टेकवली आणि जिना उतरली.

गिऱ्हाइकं निम्म्याहून कमी झाली. तिने शिलाई मशीन पुसून पुन्हा चालू केलं. थंडी पडल्यावर ती अधूनमधून नदीवर जायची, एखादं जुनं गिऱ्हाईक घेऊन. उलटा काटा नसलेला गळ, झुंज थोडक्यात, मासा पाण्याबाहेर काढायचाच नाही, फोटो तर नाहीच. "मग मी आलो होतो हे लोकांना कसं कळणार?" असं कोणी विचारलं तर ती म्हणायची, "माशाला कळलंय, तेवढं पुरे."

पण सोडलेल्या माशाचं पुढे काय होतं, हे आता तिला समजायला मार्ग उरला नव्हता. एकदा ती पंपघराच्या फाटकाशी गेली. फाटकाला कुलूप होतं. जाळीवर नवा माणूस होता. तिने बाहेरूनच विचारलं, "मासे येतात का हो जाळीवर, या थंडीत?"

तो दाताळं घेऊन जवळ आला. चांगला माणूस वाटत होता. "साहेबांनी सांगितलंय, इथलं बाहेर काही सांगायचं नाही," तो म्हणाला. "तुमचं काही काम होतं का?"

"नाही," ती म्हणाली. "माझा भाऊ होता इथे."

घरी आली तेव्हा भाऊ ड्यूटीवर निघायच्या तयारीत होता. त्याच्या जाड कोटाची बाही खांद्यापाशी उसवली होती. तो क्षणभर घुटमळला, मग कोट तिच्या मशीनवर ठेवला.

"जमलं तर बघ," तो म्हणाला.

तिने माश्या बांधायचा जाड रेशमी दोरा काढला, कारण तोच टिकला असता, आणि मशीन बाजूला सारून हातानेच टाके घालायला घेतले. भाऊ दाराशी बसून बूट चढवत होता. बसची वेळ होत आली होती, पण त्याने घाई केली नाही.