नासिरभाईंचा भुताचा आवाज

बाळापूरचे नासिरभाई शिंपी घरात इतकं हळू बोलायचे की त्यांच्या बायकोला, खुर्शीदबींना, प्रत्येक गोष्ट दोनदा विचारावी लागे. शिलाई मशीनवर पाय चालू आणि बोलणं तोंडातल्या तोंडात. या माणसाने अख्ख्या वऱ्हाडाला घाबरवलं, असं सांगितलं तर लोक हसतात. मला त्या हसणाऱ्यांचा राग येतो.

अमरावतीत माझा छोटा स्टुडिओ आहे. इकडची हौशी पोरं भुताचे सिनेमे काढून यूट्यूबवर टाकतात, त्यांचे ट्रेलर मी करतो. सिनेमा कितीही भिकार असो, ट्रेलरमध्ये नासिरभाईंचा आवाज आला की ऐकणाऱ्याच्या छातीत धस्स व्हायचं. ते एसटीने यायचे, चहा घ्यायचे आणि माइकला जवळजवळ ओठ टेकवून बोलायचे. वाक्याच्या मधेच थांबायचे. मी काचेमागून हातवारे करायचो, बोला की! हे आपले डोळे मिटून बसलेले.

"शेखरभाऊ, घाई कावून करता?" नंतर म्हणायचे. "भेव बोलण्यात नसते, थांबण्यात असते."

मग त्यांचा घसा बसला. भूतच घशात बसलं म्हणून आम्ही चेष्टा केली. निघाला कॅन्सर. ऑपरेशन झालं, जीव वाचला, आवाज कायमचा गेला. त्या दिवशी स्टुडिओचं दार लावून मी ढसाढसा रडलो.

त्यांच्या लेकीची लेक हीना त्यानंतर जन्मली. गेल्या महिन्यात नासिरभाईंचा मेसेज आला. "हीना आता बालवाडीत जाते. तिनं माहा आवाज आयकलाच नाई. एकडाव आयकवा तिले." घरात कोणी त्यांचा आवाज जपून ठेवला नव्हता. रोज समोर बसणाऱ्या माणसाचं रेकॉर्डिंग कोण करतं? होते ते माझ्याकडचे ट्रेलर.

सगळे पालथे घातले. नुसत्या धमक्या. मागे वळून पाहू नका, आज कोणाची पाळी, असलंच काहीबाही. शेवटी एकात मेलेल्या बापाच्या तोंडचं वाक्य सापडलं, "झोप, पोरी. मी इथंच आहे." मागचा वारा, दाराची करकर, संगीत, सगळं मी काढून टाकलं. उरला निव्वळ त्यांचा आवाज. मला तर तो मायेचाच वाटला.

रविवारी बाळापूरला गेलो. नासिरभाईंनी नवा सदरा घातला होता, ऑपरेशनने गळ्याला पडलेल्या छिद्रावर पांढरा रुमाल बांधला होता. खुर्शीदबींनी शेवया केल्या होत्या. हीनाला स्पीकरसमोर बसवलं आणि मी बटण दाबलं.

"झोप, पोरी."

मग ते थांबणं. खुर्शीदबींनी ओढणी तोंडाला लावली. हीनाचा चेहरा पांढराफटक पडला. पुढचं वाक्य आलं तशी ती किंचाळत उठली आणि धावत जाऊन नासिरभाईंच्या कुशीत शिरली.

"नाना, उसको भगाओ!"

"अरी पगली, वो तो तेरे..." खुर्शीदबी सांगायला लागल्या. नासिरभाईंनी हात वर करून त्यांना गप्प केलं. मला खुणेनेच म्हणाले, बंद करा. मी बंद केलं.

ते कितीतरी वेळ पोरीची पाठ थोपटत राहिले. मग तिने हळूच मान वर काढली.

"नाना, वो आदमी गया?"

नासिरभाईंनी तिचे डोळे पुसले आणि होकारार्थी मान हलवली. गेला.