हंगामाचा टॉवेल

आमच्या चर्चमध्ये 'वडील' म्हणजे बाप नव्हे. मंडळीचा कारभार पाहायला निवडून दिलेल्या पंचांना वडील म्हणतात. आमचे हे गेली कित्येक वर्षं वडील आहेत, आणि वर सेक्रेटरीही आहेत. कुर्डुवाडीच्या रेल्वे वर्कशॉपमधून निवृत्त झाल्यावर घरात बसून माझं डोकं खाण्यापेक्षा तिथं जाऊन इतरांचं खातात ते बरं, म्हणून मी कधी हरकत घेतली नाही. पण त्या ऑक्टोबरात त्यांनी जे केलं त्याचा राग मला अजून आहे, आणि तो जावा अशी माझी इच्छाही नाही.

"मुद्दाम केलं नाही हो त्यांनी," असं मला सगळ्यांनी समजावलं. मुद्दाम केलं नाही हेच तर माझं म्हणणं आहे. मुद्दाम करायला आधी समोरचं माणूस दिसावं लागतं.

सेक्रेटरीचं एक काम असतं. दर रविवारी उपदेशाच्या आधी माईकपुढे उभं राहून सूचना वाचायच्या, आणि सगळ्यात शेवटी पाहुण्यांचं स्वागत करायचं. कुणाचा पुण्याचा जावई येतो, कुणाची मुंबईची बहीण. ती उभी राहतात, हात जोडून "सलाम" म्हणतात, आपण टाळ्या वाजवायच्या. चांगली पद्धत आहे. मलाही आवडायची.

उन्हाळ्यात एक बाई येऊन शेवटच्या बाकावर बसायला लागली. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात ती शिलाईला होती, टॉवेलच्या कडा मारायचं काम. घरात तेलुगू. माहेर तिकडं तेलंगणात, लहानपणापासून तिथल्या चर्चमध्ये वाढलेली, लग्न होऊन सोलापूरला आलेली. नवरा वारलेला, पदरात म्हातारी सासू. पहिल्या रविवारी यांनी माईकवर म्हटलं, "आज आपल्यामध्ये एक पाहुण्या बहीण आल्या आहेत." ती उभी राहिली, आपण टाळ्या वाजवल्या. दुसऱ्या रविवारी पुन्हा पाहुण्या बहीण. जून गेला, श्रावण गेला, गणपती गेले, ही बाई एक रविवार चुकवीना आणि आमचे हे तिला पाहुणी म्हणायचं सोडीनात. शेवटी शेवटी तर यांचं वाक्य पुरं व्हायच्या आत ती उठून उभी राहायची. बायकांच्या सभेनंतर सतरंज्या झटकून घड्या घालायला तीच असायची. पाहुणी सतरंज्या झटकते असं मी दुसरीकडं कुठं पाहिलं नाही.

मी घरी यांना विचारलं, "अहो, ती अजून पाहुणी कशी?"

"नाव कुठं घातलंय अजून मंडळीत? कमिटीनं नाव घातलं की थांबवतो मी."

"मग घाला की."

"विषय ठेवलाय."

विषय ठेवलाय म्हणजे लोणच्यासारखा ठेवलाय, मुरायला. आमच्या कमिटीत एक ज्येष्ठ वडील आहेत, आवाज भारदस्त, गुडघे अधू. ते दर वेळी म्हणायचे, ही मराठी मंडळी आहे, बाहेरचं माणूस आधी टिकतं का बघू या. आमचे जुने पाळकसाहेब, म्हणजे चर्चचे धर्मगुरू, त्यांच्याशी भांडायचे. हे पाळकसाहेब बार्शीकडच्या खेड्यातले, बोलणं अस्सल तिकडचं, उपदेशातही 'हाय' आणि 'न्हाय' सुटायचं. काही लोकांना त्याची लाज वाटायची. मला नाही वाटली. दुपारच्या उन्हात फटफटीवरून एमआयडीसीतल्या खोल्याखोल्यांतून फिरणारा तो एकच माणूस होता. ही बाई त्यांच्यामुळंच आमच्याकडं आलेली.

आणि ऑक्टोबर उजाडताच त्यांची बदली झाली. बदल्या एरवी मे महिन्यात होतात, मुलांच्या शाळा संपल्यावर. पाळकसाहेबांची मधेच झाली आणि कारण कुणी सांगितलं नाही. मी विचारलं तर आमचे हे छताकडं बघायला लागले, त्यावरून मला जे समजायचं ते समजलं. हंगामाच्या सणाला तीन आठवडे उरले होते आणि पाळकांच्या बंगल्यापुढं टेंपो उभा राहिला.

हंगामाचा सण म्हणजे शेतातला पहिला माल देवापुढं आणून ठेवायचा. हे झालं शेतकऱ्यांचं. आमच्या मंडळीत शिक्षक, कारकून, नर्सबाया आणि रेल्वेचे पेन्शनर. शेत कुणालाच नाही. शिवाय आमच्याकडची खरी ज्वारी त्या दिवसांत शेतात जेमतेम वीतभर उगवलेली असते. म्हणून सगळे शनिवारी संध्याकाळी मंडईत जातात. भोपळा, ऊस, डाळिंबं, वांगी. एका वर्षी एकाच्या भोपळ्यावर भाजीवाल्यानं खडूनं लिहिलेला भाव तसाच होता आणि तो भोपळा अख्खी उपासना वेदीपुढं भाव दाखवत बसला होता. उपासनेनंतर अंगणात लिलाव होतो. प्रत्येक वस्तू उचलून, ती आणणाऱ्याचं नाव पुकारून बोली लागते, "गुरुजींच्या घरचा भोपळा," असं. गुरुजींच्या घरी भोपळ्याचं पानसुद्धा नसतं, पण नाव पुकारलं की गुरुजी खूश.

जुन्या पाळकसाहेबांच्या शेवटच्या रविवारी ती बाई दारात त्यांच्या पाया पडायला आली. मी शेजारीच उभी होते.

"साहेब, सणाला मी काय आणू? आमाला शेत न्हाय."

"ताई, तुमची मशीन हेच तुमचं शेत की," पाळकसाहेब म्हणाले. "तितलं आणा. तुमच्या हातचं. ही समदी मंडईतलं आणत्यात, त्यांचं बघून तुमी इकत आणू नका." मग माझ्याकडं बघून हसले. मला हसू आलं, कारण आमची सीताफळं दरसाल मंडईतलीच.

नवे पाळक पुण्याहून आले. तरुण, नीटनेटके, उपदेश टॅबलेटवर. सगळे म्हणाले, काय शुद्ध बोलतात. त्यांचा काय दोष, ते नवीन होते, असंही सगळे म्हणतात. मी म्हणते, नवीन माणसानं विचारावं. नव्या माणसाला विचारायची मुभा असते, तीच त्यांनी वापरली नाही.

सणाच्या सकाळी मी वेदी सजवायला लवकर गेले तर ती आधीच पायरीवर बसलेली. धुतलेली साडी, डोक्यात झेंडूचं फूल. वर्तमानपत्रात गुंडाळलेला टॉवेल तिनं मला उघडून दाखवला. पांढराशुभ्र, काठाला मोरपंखी पट्टा. मागावरून उतरलेलं कापड मालकाला विचारून घेतलं होतं, कडा स्वतः मारल्या होत्या, आणि एका कोपऱ्यात लाल दोऱ्यानं अंगठ्याच्या नखाएवढा क्रूस भरला होता. मी म्हटलं, जा, तूच ठेव. तिनं तो वेदीच्या टेबलावर ठेवला, क्रूस वर येईल असा, आणि जाऊन शेवटच्या बाकावर बसली.

सूचनांच्या वेळी "पाहुण्या बहीण" झालं. ती उठली, सलाम केला, टाळ्या.

मग उपदेश सुरू झाला आणि आमची सीताफळं उलली. मी यांना सांगितलं होतं, पिकलेली आणू नका. यांना हात लावला की दबणारंच सीताफळ लागतं. गर्मी मरणाची, ढिगातलं खालचं फळ फुटलं आणि गर ओघळत टेबलावरच्या जाळीच्या रुमालाकडं निघाला. हे पहिल्या बाकावर. यांनी पाहिलं. मंडळीची मालमत्ता धोक्यात म्हटल्यावर आमच्या सेक्रेटरींचं अंग कसं चपळ होतं. उठले, इकडंतिकडं पाहिलं, समोरचा टॉवेल ओढला, गर पुसला, टेबलाचा पाय पुसला, वरचं फळ पुसून पुन्हा नीट रचलं, आणि टॉवेलचा बोळा करून कोपऱ्यातल्या बादलीत टाकला. ते ज्येष्ठ वडील यांच्याकडं बघून मान डोलावत होते, काय प्रसंगावधान म्हणून.

मी मागं वळून पाहिलं. ती अर्धी उठली होती, दर रविवारी उठते तशी. मग बसली.

लिलाव कडुलिंबाखाली झाला. भोपळा गेला, ऊस गेला, आमची दगावलेली सीताफळंसुद्धा नाव पुकारून गेली. ती कडेला उभी राहून प्रत्येक वस्तू वर उचलली की बघत होती. सगळं संपलं, शेवटची प्रार्थना झाली. तेव्हा ती माझ्याकडं आली.

"बाई, माजा टॉवेल निघाला न्हाय."

मी आत गेले. तोवर कुणीतरी त्या टॉवेलनंच फरशी पुसली होती. तो चिकट बोळा हातात घेऊन मी तशीच अंगणात आले आणि नव्या पाळकांच्या, कमिटीच्या, सगळ्यांच्या देखत यांच्यापुढं धरला. "हे काय आहे?"

"टॉवेल," हे म्हणाले.

"हे अर्पण आहे. हिनं शिवलेलं."

"मला काय ठाऊक? हंगामाच्या सणाला टॉवेल कोण आणतं?"

"सगळ्या टेबलावर घरचं असं तेवढंच होतं," मी म्हटलं. माझा आवाज चढला होता आणि मी तो उतरवला नाही. बत्तीस पोरांच्या वर्गापुढं उभं राहून कमावलेला आवाज आहे तो. "तुमच्या हाताला सोन्यासारखं कापड लागलं, कोपऱ्यात क्रूस लागला, आणि तुम्हाला वाटलं फडकं आहे. भोपळ्यानं पुसलं असतं का तुम्ही?"

नवे पाळक पुढं झाले, अतिशय सौम्यपणे म्हणाले, "गैरसमज झाला बाई. पुढच्या वर्षी आपण आधीच स्पष्ट सूचना देऊ. फक्त शेतमाल आणावा."

मी बोलायला तोंड उघडलं, तेवढ्यात तिनं माझ्यापुढं हात केला. "द्या की. धुऊन आणती." टॉवेल घेतला, वर्तमानपत्राचा तोच कागद शोधून त्यात गुंडाळला आणि गेली.

पुढच्या रविवारी यांनी सूचना वाचल्या, कागद खाली ठेवला आणि सवयीनं म्हणाले, "आज आपल्यामध्ये एक पाहुण्या बहीण..." म्हणत शेवटच्या बाकाकडं पाहिलं. बाक रिकामा होता. यांनी चष्मा काढला, परत घातला. म्हणाले, "आज पाहुणे कोणी नाहीत."

मी जागेवर उभी राहिले आणि म्हणाले, "ती पाहुणी नव्हती." मग तिचं नाव सांगितलं, आडनावासकट. अर्ध्या मंडळीनं ते तेव्हा पहिल्यांदा ऐकलं. पाळक म्हणाले, यावर आपण नंतर बोलू, आणि पुढचं गीत सांगितलं. नंतर कुणी काही बोललं नाही. फक्त पोर्चमध्ये ते ज्येष्ठ वडील काठी टेकत म्हणाले, "मी म्हणत नव्हतो? बाहेरची माणसं टिकत नाहीत." मला इतका संताप आला की मी चप्पल उलटसुलट घालून रस्त्यावर आले.

घरी जेवण वाढलं ते आवाज करून. संध्याकाळी हे गाडीची किल्ली घेऊन दारात उभे राहिले आणि हळूच म्हणाले, "कुठं राहते ती?"

अक्कलकोट रोडला माग चालल्याचा आवाज रविवारीही बंद नसतो. तिची खोली दोन कारखान्यांच्या मधल्या बोळात. दारात सासू बसली होती. तिनं आम्हाला ओळखलं नाही. सून आतून आली, आम्हाला बघून क्षणभर थांबली, मग पदर सावरून सासूला म्हणाली, "अत्तम्मा, चुट्टालु वच्चारु." आणि पाणी आणायला वळली.

"काय म्हणाली?" यांनी मला विचारलं. शाळेत अर्धी पोरं तेलुगू होती माझ्या, तेवढं मला येतं.

"पाहुणे आलेत म्हणाली."

हे खाली बघायला लागले. तिनं पाणी दिलं, चहा टाकला. रागाचा एक शब्द नाही. यांनी माफीचं काहीतरी पुटपुटलं, आणि पुढच्या रविवारी या म्हणाले, नाव घालून घेऊ, मी स्वतः बघतो. ती म्हणाली, "हितं मागच्या गल्लीत प्रार्थना असती, तेलुगूत. सासूबाईला बी चालत जाता येतंय. तितंच जातो आता आमी." मग कप पुढं करत, "तितं उबं राहायला लावत न्हाईत."

निघताना यांनी मोरीत हात धुतले. खिळ्यावर तो टॉवेल होता. किती वेळा धुतला होता कोण जाणे, पण सीताफळाचा तपकिरी डाग तसाच होता आणि लाल क्रूस त्याच्या कडेला होता. तिनं तो काढून यांच्यापुढं धरला, हात पुसायला, पाहुण्यापुढं धरतात तसा.

यांनी हात पुढं केले, आणि ओलेच मागं घेतले.