सुटलेला मासा

कळव्याच्या खाडीकाठचा हसुराम कोळी भाच्याबरोबर आफ्रिकेत झांबेझी नदीवर गळ टाकायला जाणार होता. तिकिटं काढायच्या आधी हितेशने तिथला नियम सांगितला.

"मामा, मासा धरायचा, फोटो काढायचा आणि पाण्यात सोडून द्यायचा."

"हातात आलेला सोडायचा? मग मी नाही येत, बाबा."

चाळीस वर्षांपूर्वी होडी उलटली, तेव्हा धाकट्या भावाचं, मोरूचं मनगट हसुरामच्या हातातून निसटलं होतं. मोरू सापडलाच नाही. तेव्हापासून पकडलेली बोटभर मासळीही हसुरामने खाडीला परत दिली नव्हती.

बराच वेळ तो स्वतःच्या तळहाताकडे बघत बसला.

"सोडलेला जगतो का रे?"

"जगतो की! सरळ पोहत जातो."

"मग काढ तिकीट. हातातून सुटलेलं पोहत जाताना मला एकदा बघायचंय."